क्रोमची समजूत

२ मार्च, सकाळ

आजपासून रोज एक तास सायकल. चालवायची नाही, चमकवायची. नात वीस तारखेला महिनाभर राहायला येतेय आणि उताराखालच्या चित्रकलेच्या क्लासला ती माझ्या शाळेच्या दिवसांतल्या सायकलवरून जाणार आहे. तिला अजून हे माहीत नाही.

जिन्याखालून सायकल ओढून काढली. हँडल, घंटी, कॅरिअर, दोन्ही रिम, सगळीकडे तांबूस पुरळ उठलंय. वरवरचं आहे. अठरा दिवस म्हणजे पुष्कळ झाले.

विहीणबाईंनी तिला गिअरची नवी सायकल घेऊन दिलीय म्हणे. असू दे. गिअर काय, कुणीही विकत घेतं.

३ मार्च

हे म्हणाले, तारेची घासणी घे, दहा मिनिटांत मोकळी होशील. कॉन्व्हेंट शाळेत दर शनिवारी आम्ही चार मुली स्पर्धांचे कप चमकवायचो. थोरल्या सिस्टर मागे उभ्या राहायच्या. म्हणायच्या, मुली, घासू नकोस, समजूत घाल. त्यांच्या बाह्यांना साबणाचा वास यायचा. त्यांच्या देखरेखीत एकाही कपावर कधी ओरखडा उठला नाही. मीही उठू देणार नाही.

५ मार्च, सकाळ

फॉइलचा तुकडा चुरगळून पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हाताने गोल गोल फिरवायचा. गंजाचा चॉकलेटी चिखल होतो, तो मऊ फडक्याने टिपून घ्यायचा. फॉइल क्रोमच्या मुलाम्यापेक्षा मऊ असते, म्हणून चरा पडत नाही. तासाभरात घंटीत माझा चेहरा दिसला. फार रुंद दिसला, पण घंटी गोल आहे.

दुपार

कंबर. उद्या सुट्टी.

९ मार्च

सुट्टी लांबली. पाहुण्यांमुळे. (आले नाहीत, पण येणार होते.)

११ मार्च

हँडल झालं. सुईने टोचल्यासारखे बारीक काळे ठिपके मात्र राहिलेत. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला फाटकाशी थांबून बघत होता. म्हणाला, काकू, क्रोम गंजत नसतं. त्याला भोकं पडली की आतलं लोखंड गंजतं. वरून कितीही चमकवा, आत चालूच राहतं.

ही माणसं कायम असलंच बोलणार. त्यावर तर पोट चालतं.

जाता जाता म्हणाला, ब्रेकची रबरं तरी बदलून घ्या, तुमच्या दारात उतार आहे. मी सांगितलं, हा उतार मी तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखते. हे माझं माहेरचंच घर, सहावीत असताना फाटकातून सुटले की पायडल न मारता थेट खालच्या वळणापर्यंत जायची. वेण्या पाठीमागे आडव्या. तेव्हा वळणावर दुधाचं एक बूथ होतं आणि एक आळशी गाढव. आता तिथे हायवे येऊन मिळालाय आणि ट्रक हॉर्न न देता वळतात. पण ट्रकवाल्यांनाही डोळे असतात.

१४ मार्च

दोन्ही रिम लख्ख. तारांच्या मध्ये दोन बोटं सोलली, माझी. रिमचं काही गेलं नाही.

१६ मार्च

घात. रिमवर पुन्हा तांबूस छटा. पण मी काही हरणारी नव्हे. शिलाई मशीनचं तेल लावलं, ते मुरल्यावर गाडीचं मेण, पुन्हा तेल. रिम इतकी गुळगुळीत झाली की फडकं आपोआप घसरतं.

पंक्चरवाला फाटकातून ओरडलाच. काकू, रिमला तेल? अहो, ब्रेकचं रबर रिमलाच धरतं ना!

तेच तर. रबर घासून घासूनच रिमवर रेघा पडतात. मध्ये तेल असलेलं बरं. एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं धंदा करून त्याला सुचू नये?

१७ मार्च

ह्यांनी अंगणात सायकल चालवून पाहिली. दोन्ही ब्रेक दाबले आणि कुंड्यांच्या रांगेत गेले. तीन कुंड्या. म्हणाले, ब्रेक लागतच नाहीत. मी म्हटलं, बघा किती हलकी धावते. ह्यांच्या मुठीत जोरच राहिलेला नाही. तो व्यायामाचा रबरी चेंडू कपाटात नुसता पडून आहे, त्याची आठवण करून दिली.

नंतर म्हणाले, पोरीला बसवण्याआधी तू एकदा खाली जाऊन ये. मी म्हटलं, छे, पहिली फेरी तिची. तशीच तर गंमत आहे.

१९ मार्च

तेल आणि मेणाचा शेवटचा हात. खालून दिवसभर हॉर्न. वळणावर ट्रक कलंडला म्हणे. सिमेंटची पोती रस्ताभर. दूधवाला सांगत होता, ह्या महिन्यातला हा तिसरा. संध्याकाळी मी फाटकाचं दार लावून घेतलं. धूळ फार येते.

२० मार्च, रात्र

आली! उंच झालीय, बोलणं मात्र तेच. सायकल पाहून म्हणाली, आजी, कसली भारी! घंटीत स्वतःचे दात बघितले. म्हणाली, ती आजी दर पाच मिनिटांनी हेल्मेट घाल, हेल्मेट घाल करते. मी म्हटलं, इथे कुणी तुझ्या मागे लागणार नाही. विहीणबाईंना हे कळायला हवं होतं.

रात्री जेवताना विचारत होती, ब्रेक नीट आहेत ना? मी म्हटलं, आधी चमक तर बघ. ह्यांनी चमचा खाली ठेवला.

२१ मार्च, सकाळी साडेनऊ

दहा वाजता पहिली फेरी. ऊन स्वच्छ आहे, रिमकडे बघवत नाही इतकी लखलखतेय. हे सकाळपासून फाटकाला कुलूप शोधतायत. कुलूप मी कालच पिठाच्या डब्यात लपवलंय. पोरगी बूट घालतेय.

२५ मार्च

डाव्या हाताने लिहितेय. उजवं मनगट आणि खांद्याचं हाड प्लास्टरमध्ये. गुडघ्याला नऊ टाके.

सगळ्यांना सांगितलं, मध्ये कुत्रं आलं. मुलगी फोनवर रडली. कुत्र्यांविरुद्ध तक्रार करणार म्हणाली. विहीणबाईंनीही कुत्र्यांना नावं ठेवली आणि तब्येत विचारली, फार मायेने. ह्यांनी काही विचारलं नाही.

आज नात उशाशी बसून संत्रं सोलत होती. म्हणाली, आजी, कुत्रं कुठल्या रंगाचं होतं? मी म्हटलं, तपकिरी. तिने फोडीतल्या बिया काढल्या, फोड माझ्या तोंडात दिली आणि म्हणाली, बरं.

ती फाटकातच उभी होती. तिथून उतार शेवटपर्यंत दिसतो.

कुत्रं नव्हतं. दोन्ही ब्रेक बोटं पांढरी होईपर्यंत दाबले होते. सायकल थांबायचं नावच घेईना. ट्रकवाल्याने ट्रक भिंतीवर घातला म्हणून चाकाखाली न जाता मी गटारात पडले.

आजी, तू आधी, असं ती म्हणाली म्हणून मी बसले. त्याआधी मी तिला म्हटलं होतं, बस गं, घाबरतेस काय. एकदा नाही. तीनदा.