काहीच तर झालं नाही

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता गेलेल्या माणसावर कोणी रागावतं का, असं माझी बायको विचारते. रागावतं. मी रागावलोय, आणि तुमच्या हयातीत बोललो नाही ते आज लिहून काढतो.

मी तुमचा विद्यार्थी नव्हतो. बल्लारपूरला तुमच्या कंप्युटर क्लासच्या खाली माझं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, मधे नुसत्या फळ्या. तांब्याची तार गुंडाळायला हात लागतात, कान मोकळेच असतात. वरून तुमचा आवाज यायचा, सिरोंचाकडचा, तेलुगूवर वाढलेला, एकेक शब्द तपासून खाली ठेवल्यासारखा. कोबोल ही अख्खी कंप्युटरची भाषा मी अशी छतातून ऐकली. अमेरिकेच्या नौदलातल्या त्या बाईंची गोष्ट तुम्ही दर नव्या बॅचला सांगायचात. यंत्राला साध्या इंग्रजी शब्दांत हुकूम देता येतील असं त्या म्हणाल्या, तर लोकांनी वेड्यात काढलं. मग १९५९ साली सरकारातले आणि कंपन्यांतले लोक एकत्र बसले आणि धंद्याच्या कामासाठी एक भाषा ठरली. कोणा एका कंपनीची नाही, सगळ्यांची. कोणत्याही यंत्रावर चालेल, कारखान्याच्या मॅनेजरलाही वाचता येईल अशी. दुसरी चांगली सापडेपर्यंत तात्पुरती. "अन् ते तात्पुरती सगळ्याइले पुरून उरली," असं म्हणून तुम्ही वर एकटेच हसायचात. खाली मीही हसायचो, ते तुम्हाला माहीत नसेल.

एकदा पोंभुर्ण्याच्या एका मुलीनं विचारलं, गो टू आणि परफॉर्म या दोन हुकमांत फरक काय, दोन्हीत दुसरीकडेच जायचं आहे ना. तुम्ही उलट तिलाच विचारलंत, "घरून निघताना आईले काय म्हणतेस? जातो म्हणतेस?"

"नाई सर. येतो म्हणतो."

"काऊन?"

"जातो म्हटलं का मानूस वापस येत नाई म्हणते आई."

"बस. गो टू म्हंजे जातो. परफॉर्म म्हंजे येतो, तिथलं काम करून आपल्या जागी वापस. आमच्या घरी पोयोस्ता म्हणतात, जाऊन येतो. प्रोग्राममधी कोनाले जातो म्हनू देऊ नका."

त्या दिवसापासून माझे मिस्त्री शेतावर मोटर बसवायला निघाले की मी बजावायचो, परफॉर्म बरं का, गो टू नको. ते मान डोलवायचे. एक तर गिऱ्हाइकालाही तसंच सांगून आला.

मग चौकात काचेच्या दरवाजाचं इन्स्टिट्यूट उघडलं. टाय लावलेला मालक आईबापांना सांगे, कोबोल मेली, मेलेल्या भाषेत पोरांचं आयुष्य कशाला घालवता. तुमची बॅच पातळ होत होत रिकामी झाली. आणि लगेच दोन हजार सालाची बोंब उठली. जुन्या काळी यंत्राला भोकं पाडलेली कार्डं द्यावी लागत, एका कार्डावर ऐंशीच अक्षरं मावत, म्हणून सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहायची सवय पडलेली. आता शून्य शून्य आलं की यंत्र एकोणीसशे साल धरणार. त्याच मालकानं 'कोबोल शिका, परदेशी जा' असा फलक लावला आणि शिकवायला तुम्हालाच बोलावलं. आणि तुम्ही निघालात. मी जिन्यात आडवा आलो. ज्यानं तुमचा क्लास बुडवला त्याच्याच दारात जाता, असं तोंडावर म्हणालो.

"मिस्त्री, भाषा त्याची नाई, माझीबी नाई. पोट्टे कुठीबी शिकोत."

शिकले पोट्टे. कुठल्या कुठल्या कंपन्यांत बसून एकेका प्रोग्राममधलं साल त्यांनी दुरुस्त केलं. तुम्ही इथल्या एका पतसंस्थेचे प्रोग्राम ओळ न् ओळ वाचून काढलेत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग जानेवारी उजाडला, इन्स्टिट्यूटचं स्नेहसंमेलन झालं, आणि मालक माइकवर म्हणतो, सर वर्षभर आम्हाले भेव दाखवून राह्यले होते, पाहा बरं, लाइट सुरू, पंखे सुरू, काहीच तर झालं नाही. सगळा हॉल खिदळला. स्टेजवर त्याच्या शेजारी तुम्हीही हसलात. मग तुमचे ओठ हलले, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या मला ऐकू आलं, "तेच तर काम होतं."

एवढंच. समोर माइक होता, सर. तो ओढून घ्यायला किती वेळ लागला असता? पुढं कोबोलचा कोर्स बंद झाला, तुम्हाला नारळ मिळाला, आणि वर्षा-दीड वर्षात तुम्ही गेलात. गावात राहिलं काय, तर 'भेव दाखवणारे सर'. मोटर जळली नाही म्हणून वाइंडिंगवाल्याला कोणी ठग म्हणतं का? मला म्हणून पाहावं कोणी.

परवा चंद्रपूरला एका लग्नात तुमचाच एक विद्यार्थी भेटला. मोठी नोकरी, मोठी गाडी, सगळं तुमच्या कोबोलवर उभं राहिलेलं. जेवता जेवता आजूबाजूच्यांना सांगतो, ते दोन हजार सालाचं म्हणजे नुसता फुगा होता. माझा घास हातातच राहिला. मी सगळ्यांसमोर त्याला झाडला आणि सर त्या दिवशी स्टेजवर काय बोलले तेही ऐकवलं. त्याला राग नाही आला. तो चकितच झाला.

"काका, सर काहीच बोलले नव्हते. मी पहिल्या रांगेत होतो."

घरी आल्यापासून तो हॉल आठवतोय. तिथले पंखे मीच बसवले होते, त्यातला एक खडखडत होता, लोक हसत होते, मी पार मागे. बिघडलेल्या मोटरचा नुसता आवाज ऐकून कुठं बिघाड आहे ते मी सांगतो, सगळा जिल्हा मानतो. पण ते वाक्य तुम्ही बोललात, की तुम्ही बोलावं म्हणून मी इतका कान लावून होतो की मला ते ऐकू आलं, हे आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. विचारावं तर तुम्ही नाही, आणि हा कागद कुठं टाकायचा तेही माहीत नाही. तरी मी ते वाक्य तुमच्याच नावावर सांगत राहणार आहे.