नावाशिवाय धवला नाही

६ एप्रिल, सकाळ
रिद्धी, आधी तारीख घाल. मागच्या वेळी विसरलीस. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी नात मला लिहायला मिळाली. मला अक्षर येत नाही, म्हणून तू लिहायचं आणि मलाच वाचून दाखवायचं. दुसऱ्या कोणाला नाही.

आता राग लिही. पालेगावात या मोसमात लग्नं लागली, मला कोणी बोलावलं नाही. मी धवलारीण. हळदीपासून मी मांडवात बसून धवला गायचा, तेव्हा कुठे आगऱ्याचं लग्न लागतं. आता टॉवर आले, लॉन आले, डीजे आला. मे महिन्यात दिराच्या नातवाचं, मधुचं लग्न आहे. तिथे मला टाळून दाखवा.

६ एप्रिल, दुपार
रिद्धी म्हणते, आजी, कल्चरचा बिझनेस करू. धवला रेकॉर्ड करायचा, वेडिंग पॅकेजमध्ये विकायचा. सासूने मला ओट्यावर बसवून शिकवला, तो विकायचा? म्हणाली, नाही विकला तर तुझ्याबरोबर जाईल.
मी कुठे जातेय? लिही, आजी कुठे जात नाही. तोंड वाकडं करू नको, लिही.

१२ एप्रिल
हो म्हटलं. डोकं चालवून म्हटलं. धवल्यात नवरा-नवरीचं नाव घ्यावं लागतं, तेव्हा ते लग्न त्यांचं. दर लग्नाला नावं बदलणार, म्हणजे जो तो माझ्या दारात. रिद्धी एवढं मार्केटिंग शिकली, तिला हे सुचलं नाही. सांगितल्यावर म्हणाली, याला कस्टमायझेशन म्हणतात. म्हणू दे.

१९ एप्रिल, संध्याकाळ
उल्हासनगरला हरेश शेठचा स्टुडिओ. आधी तिथे जीन्स शिवायचे. भिंतींना गाद्या लावल्यात, कोण आपटणार आहे कोण जाणे. विचारलं, हळद कुठे, तांदूळ कुठे? हरेश म्हणाला, अम्मा, वो सब छोडो, खाली गाना गाओ. नावाच्या जागी गप्प बसा म्हणे, नंतर भरू.
नावाशिवाय धवला नाही. कोणा कुवाऱ्यांची नावं घेतली तर त्यांचं लग्न लागेल, ते कोण निस्तरणार? मग मी माझं आणि म्हाताऱ्याचं नाव घातलं. आमचं आधीच लागलेलं, कोणाचं नुकसान नाही. शंकर हे नाव जन्मात तोंडातून काढलं नव्हतं. एसीत घाम फुटला.
हरेश म्हणाला, नंबर वन. ते मला माहीत होतं.

३ मे
मधुची आई बकुळा पत्रिका देऊन गेली. धवल्याचं बोलली नाही. लाजली असेल. मी बोलावल्याशिवाय गाणार नाही, हे पक्कं. हिरवं लुगडं इस्त्रीला दिलंय, ते वेगळ्या कारणासाठी.

१० मे
हळदीला नुसता डीजे. मी घसा शेकून गेले होते. बकुळा म्हणाली, काकी, तुम्ही आता पाहुण्यासारख्या बसा, तुमचा आवाज आहे आमच्याकडे. बघ, किती मान ठेवते. म्हणजे उद्या लग्नात मीच.

११ मे, दुपार
लिही, आणि हसू नको.
भटजींचं आटपलं आणि स्पीकरमधून माझा आवाज. मागून ढोलाची धडधड घातलेली, जशी मी ट्रॅक्टरवर बसून गातेय. म्हटलं, आता नावं येतील. आली. तुळशी आणि शंकर. एवढ्या लोकांत माझं लग्न लागलं, आणि मधु आणि त्याची नवरी नुसती अक्षता झटकत उभी.
मी उठले. म्हटलं, बंद करा, यांचं लग्न लागलेलं नाही. पोरांनी माझ्याभोवती नाच धरला. नवरी म्हणाली, आजी किती क्यूट, वन्स मोअर. परत लावलं. परत आमचंच लागलं. म्हातारा पहिल्या रांगेत बोळकं पसरून हसतोय, येणाऱ्या-जाणाऱ्याशी हात मिळवतोय. बकुळाला विचारलं, यांची नावं का नाही घातलीस? म्हणाली, काकी, शब्द कोण ऐकतं.
मी चपला उलट्या घातल्या आणि निघाले. हे लिहिलंस का? बरं, राहू दे.
आणि तू सांगतेस, बकुळासारखं अंबरनाथच्या हॉलवाल्यांनीही हरेशकडे गाणं मागितलंय. म्हणजे मोसम संपेपर्यंत मी त्याच म्हाताऱ्याशी लग्न करत बसणार, आणि गावातली पोरं बिनलग्नाची नांदणार.
न जेवता घरी आले. रागाने नाही, उन्हाने.
आता परत जा. म्हाताऱ्याला घरी धाड, आणि बकुळाला सांग, लग्न आमचं लागलंय, तर नवरा-नवरीचं ताटही इकडेच पाठव. वडे गरम बघून घे. वालाचं बिरडं वेगळ्या डब्यात. म्हाताऱ्याला दात नाहीत, त्याला भात मऊ घाल.