ट्वीटरच्या वाटेतला रेझिस्टर

४ डिसेंबर, गुरुवार
फर्स्ट शिफ्ट. वाळूजहून साडेचारला घरी. दोन्ही खोक्यांना पॉलिशचा शेवटचा हात. बुटाच्या खोक्याएवढे स्पीकर, पण जाड आवाजाचा वूफर लई भरीव बोलतोय. शेजारचे जोशी सर, गाण्याचे रिटायर मास्तर, त्यांच्यासाठीच बनवलेत. रविवारी ऐकायला येणार. फक्त बारीक, उंच आवाजाचा ट्वीटर मंद वाटतो. तंबोऱ्याची तार नीट येत नाही.

५ डिसें., शुक्र.
ट्वीटरच्या वाटेत रेझिस्टर असतो, बारीक आवाज दाबायला. काढूनच टाकला. आता कसं मोकळं! सुनंदा मेथी घेऊन गॅलरीत जाऊन बसली. म्हटलं, ऐक की. म्हणाली, इथूनच बरंय.

७ डिसें., रवि.
सर आले. दोन मिनिटांत कानावर हात. म्हणाले, "दत्ता, टोचतंय रे." मी भडकलो. वर्षभराची मेहनत, माझे कान काय खोटं बोलतात का, असलं काहीबाही बोललो. सर चहा संपवून गेले. लाज वाटतेय.
मग सुनंदा म्हणाली, "अहो, वॉशिंग मशीन संपल्यावर वाजतं, ते तुम्हाला दोन वर्षं झाली ऐकू येत नाय."
"मग बोलली का नाहीस?"
"मला वाटलं, मुद्दाम उठत नाही तुम्ही."

८ डिसें., सोम.
कँटीनमध्ये मोबाईलवर बारीक शिट्टी लावली. ऑफिसातल्या मॅडमनी कान झाकले. आम्ही पत्रा ठोकायच्या प्रेसवरचे चौघं निवांत जेवतोय. कंपनी कानात घालायचे बोळे देते, आम्ही खिशात ठेवतो. डाय, म्हणजे प्रेसचा साचा, नीट बसली का ते आवाजावरूनच कळतं, बोळे घालून कसं कळणार? बावीस वर्षं हेच सांगत आलो. नव्या पोरांनाही मीच शिकवलं.
घाबरलोय.

१० डिसें., बुध.
रेझिस्टर परत बसवला. सुनंदा खुर्चीत, मी सोल्डरिंग घेऊन खाली. जास्त, अजून जास्त, आता कमी, असं तासभर चाललं. चार रेझिस्टर बदलले. पाचव्याला म्हणाली, "थांबा. हेच राहू द्या." मला तर स्पीकरवर गोधडी टाकल्यासारखं वाटतंय. तेच पक्कं केलं.

१४ डिसें., रवि.
आधी सरांची माफी मागितली. ते हसले, बसले, डोळे मिटून पूर्ण राग ऐकला. मग विचारलं, "ट्वीटर कुणी लावला?" मी सुनंदाकडं बोट केलं. ती लाजली. सर म्हणाले, "तुला कसं वाटतं, दत्ता?" म्हटलं, झकास. एवढंच खोटं बोललो.
स्पीकर त्यांच्याकडं पोचवून आलो. भिंतीपलीकडून वूफर ऐकू येतोय. सुनंदाला विचारलं, तारही येतेय का? म्हणाली, व्हय, येतेय की. कशी येते ते सांगत बसली, मेथी निवडता निवडता.
मंगळवारी कानाच्या डॉक्टरकडं जायचंय. उद्या फर्स्ट शिफ्ट. बोळे डब्याच्या पिशवीत ठेवलेत. डाय कशी ओळखायची ते बघू.