बाबांनी एक्झर्ट करायचं नाही

तीर्थस्वरूप दादांना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (आडवा पडूनच लिहितोय, त्यामुळे नमस्कार अक्षरशः घ्यावा.) वहिनींची गुडघेदुखी कशी आहे? आम्ही इकडे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुमचे बाबा हृदयाचं दुखणं काढून आमच्याकडे विश्रांतीला आले, तेव्हा दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, "आजोबा, एक्झर्ट करू नका." दुसरा कोणी असता तर 'दगदग नको' एवढाच अर्थ घेऊन गप्प बसला असता. पण जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस तो! घरी येताच त्यांनी जाडा शब्दकोश मागवला. त्यात निघालं की हा शब्द लॅटिनमधला. मूळ अर्थ बाहेर काढणे, पुढे करणे. झालं! डॉक्टरांनी हात पुढे करायलाच मनाई केली, असा निकाल बाबांनी दिला. त्याच्याही आतला अर्थ म्हणे ओवलेलं सोडवणं. (सिरीज म्हणजे ओवलेली माळ, हा शब्दही त्याच घराण्यातला, त्यामुळे टीव्हीवरच्या मालिका तेवढ्या चालतात.) तेव्हापासून चहाचा कप मी त्यांच्या ओठांशी धरायचा, पानं मी उलटायची. दुकानात लोकांच्या चष्म्याच्या काचा घासतानाही माझं चित्त घरी. बाबांना शिंक आली तर? शिंक बाहेर येते की नाही?

तुमची बहीण वैतागून म्हणाली, बाबांना आळस चढलाय. मलाही तसंच वाटे. पण परवा मी त्यांना भरवत होतो, तर घास तोंडात तसाच ठेवून ते म्हणाले, "जावईबापू, हात उचलला की छातीत धस्स होतं हो. कोशाचं निमित्त आहे झालं." दादा, पुढचा घास मी आणखी छोटा केला. तेव्हापासून त्यांची भीती त्यांनी धरली होती त्याहून घट्ट मी धरली.

रविवारी पडद्याची दांडी निखळली म्हणून मी स्टुलावर चढलो. स्टूल एका पायाने अधू आहे, हे तुमच्या बहिणीने बजावलं होतं. (ती बजावते त्यातलं निम्मं मी ऐकतो, हे उरलेल्या निम्म्यात होतं.) स्टूल कलंडलं आणि मी किंचाळलो. बाबा खुर्चीतून उठले कधी, धावले कधी, देव जाणे. दोन्ही हातांनी त्यांनी मला कवेत धरलं आणि आम्ही दोघे फतकल मारून जमिनीवर बसलो. मी त्यांची नाडी बघतोय, ते माझी. कोणाची कुठली तेच कळेना.

बाबांना तसेच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं. छातीत दुखलं? नाही. दम लागला? थोडा. मग उत्तम, म्हणाले, रोज चाला. "मला फक्त जड कपाटं ओढू नका, एवढंच म्हणायचं होतं." बाबा ताडकन म्हणाले, "मग तसं म्हणायचं की हो! शब्द जपून वापरावेत." परत येताना मात्र माझा हात त्यांनी घट्ट धरला होता.

आता नवीनच पंचाईत. शब्दाचा अर्थ आतलं बाहेर काढणे असाही होतो म्हणे, म्हणून सकाळपासून बाबा माळ्यावरचं सगळं दिवाणखान्यात काढताहेत. माझा जीव टांगणीला.

आपला आज्ञाधारक,
तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. : बाबांना तिकडे घेऊन जा असं लिहिणार होतो. ते नको. उलट तुम्हीच चार दिवस या. पडताना माझी कंबर लचकली आहे; डॉक्टरांनी मला एक्झर्ट करायला बंदी केली आहे आणि चहाचा कप बाबा धरतात. निम्मा गळ्यावर सांडतो.

पुन्हा ता. क. : बाबा म्हणताहेत, त्याला काही कळवू नका, कामात असेल बिचारा. आज दोनदा म्हणाले. म्हणून कळवलं.