एकोणचाळिसाव्या पानावरचा स्वर

१६ जानेवारी १९९६

बारा पानं! माझ्या पुस्तकावर बारा पानं लिहिलीत बुडापेस्टच्या त्या पोरीने, आणि त्यातली नऊ एका ठिपक्यावर. इल्दिको साल्काई. वय अठ्ठावीस – लेखाखाली छापलंय. मी तो ठिपका पहिल्यांदा वाचला तेव्हा ही पाळण्यात होती.

‘प्रा. एर्सिलिया कोलांजेलो यांचा चौथा अध्याय ज्या स्वरावर उभा आहे, तो स्वर हस्तलिखितात नाही.’ एवढंच. शंका वाटते, पुन्हा तपासावं लागेल, असं काही म्हणायची पद्धत असते. हिचं आपलं सरळ – नाही.

तेक्लाला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “एका ठिपक्यासाठी नऊ पानं? मग ती तुझ्याच जातकुळीची आहे, ताई.”

सख्खी बहीण ही. तीस वर्षं पोस्टात शिक्के मारले, तिला ठिपका म्हणजे शाईचा डाग.

१७ जानेवारी

पुन्हा वाचलं. पुन्हा तेच लिहिलंय.

२० जानेवारी

तिच्या तळटिपेत आहे : ‘कोलांजेलो यांनी बहुधा मायक्रोफिल्मवरून काम केले असावे.’ बहुधा! हो, केलं. का केलं ते विचार ना, पोरी.

सदुसष्ट साली मी रोक्कासेर्राला गेले होते. डोंगरावरचं गाव, बारी शहराहून तीन तासांची बस. अकराव्या शतकातलं ते गीतपुस्तक तिथल्या चर्चच्या ग्रंथालयात. बिशपसाहेबांचा नियम – ग्रंथालयात बाई नको. तेव्हाच्या ग्रंथपालाने मला उंबऱ्यात उभं केलं आणि म्हणाला, “मुली, तुझ्या सरांना पाठव.” माझ्या सरांना! त्यांना त्या खुणांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना मीच शिकवत होते.

मग पानांचे फोटो काढलेली फिल्म मागवली. पाच वर्षं ती वाचायच्या यंत्राच्या खोक्यात डोकं घालून बसले. तेव्हाच्या लिखाणात रेघा नसतात. शब्दांच्या वर नुसत्या खुणा, आणि खूण किती उंच त्यावरून स्वर ओळखायचा. चष्म्याचा नंबर पाच वर्षांत चारदा वाढला. त्यातून पुस्तक झालं. आणि आता ही बाई थाटात आत गेली असेल, कुणीतरी खुर्ची दिली असेल, कॉफी विचारली असेल, आणि हिने दोन तास पाहून ठरवलं – नाही.

२ फेब्रुवारी

संपादकांचं पत्र. उत्तर द्यायला मला चार पानं, मार्चअखेरपर्यंत. तिला बारा, मला चार. फोन केला. “मॅडम, उत्तराला चारच देतो आम्ही. सगळ्यांनाच.” सगळ्यांनाच म्हणे. मी काय सगळ्यांतली आहे?

५ फेब्रुवारी

उत्तर लिहायला बसले. पहिलं वाक्य अकरा वेळा खोडलं. सगळीच वाक्यं शिवीसारखी होतायत.

मुद्दा साधा आहे. पान एकोणचाळीस, मागची बाजू. ईस्टरच्या सकाळचं छोटं गीत. ‘उठला’ या शब्दावर रोमच्या गाण्यात सूर खाली उतरतो. इथे तो एकदम वर जातो. हजार वर्षांपूर्वी रोमने सगळीकडे एकच गाणं लादलं, आमच्याकडची जुनी गाणी पुसून टाकली. हे एक गीत बचावलं. कसं कळलं? त्या चढावरून. तो चढ मी शोधला. रोक्कासेर्राच्या लोकांनी माझं पुस्तक आल्यावर दोन वर्षांतच ते गीत ईस्टरला गायला घेतलं. बावीस वर्षं गातात. त्या जागेला ते ‘चढ’च म्हणतात. पलीकडच्या गावांतून माणसं ऐकायला येतात.

आणि ही म्हणते, नाही.

११ फेब्रुवारी

जेवताना तेक्लाने विचारलं, “तू ते पुस्तक हातात कधी घेतलंस गं?”

“अठ्ठ्याऐंशी साली पाहिलंय. प्रदर्शनात.”

“हातात?”

“काचेच्या पेटीत होतं.”

“तेच पान उघडं होतं?”

“दुसरं होतं.”

तिने पाव मोडला. “आता बायकांना सोडतात ना आत?”

“केव्हाच. वीस वर्षं झाली.”

“मग गेली का नाहीस?”

“मला पाठ आहे ते पुस्तक, तेक्ला. पानन् पान.”

“ती पोरगी गेली होती?”

मी उठले आणि ताट विसळायला घेतलं. अर्धं जेवण तसंच होतं त्यात.

२८ फेब्रुवारी

रोक्कासेर्रा. चर्चच्या पाहुण्यांच्या खोलीतून लिहिते आहे.

फादर ओरोंझो आता ग्रंथपाल आहेत. सत्तरीचे, गोल, बोलके. खुर्ची दिली. कॉफी विचारली. “प्रोफेसरबाई, तुमच्यामुळे ईस्टरला आमच्याकडे दोन बस भरून लोक येतात. उभं राहायला जागा नसते.” मग पुस्तक आणून समोर ठेवलं आणि स्वतः खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत बसले.

एकोणतीस वर्षांनी हातात आलं. कातड्याची पानं, जाड, कडा पिवळ्या. पान एकोणचाळीस उलटलं. ठिपका होता. जिथे असायला हवा तिथे, शब्दाच्या वर, उंच, काळा. मी मोठ्याने म्हणाले, “आहे.” फादर म्हणाले, “काय?” “काही नाही,” म्हटलं.

मग मागचं पान पाहायला म्हणून ते पान उचललं. आणि ठिपक्यातून खिडकी दिसली.

भोक. मोहरीएवढं, कातड्यातलंच. पान खाली ठेवलं की त्यातून मागच्या पानावरच्या अक्षराची शाई दिसते. पिशवीतून कोरा कागद काढला आणि पानाखाली सरकवला. ठिपका गेला. कागद काढला, ठिपका आला. सरकवला, गेला. नऊ वेळा केलं. नऊ वेळा तेच.

अठ्ठावीस वर्षं मी एका भोकाला स्वर म्हणत होते. त्यावर अध्याय लिहिला. परिषदांमध्ये टेबलावर हात आपटून बोलले.

राग आला. त्या फिल्म काढणाऱ्याचा – मागे कागद ठेवायला काय झालं होतं? त्या बिशपाचा. ‘सरांना पाठव’ म्हणणाऱ्याचा, तो आता मेलाय तरीही. पहिल्या दिवशी मला आत सोडलं असतं तर हे पान मी उचललं असतं. पण वीस वर्षं दार उघडं होतं, त्याचं काय करू?

फादर कधी मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. “ते भोक होय,” म्हणाले. “सावेरिओने दाखवलं होतं मला. झाली पंधरा-सोळा वर्षं. तुम्हाला कळवलंय म्हणाला होता.”

सावेरिओ लोमुशो. माझा विद्यार्थी. याच गावचा.

१ मार्च

आठवलं. काल दिवसभर आठवायचं नाही असं ठरवून आठवलं.

ऐंशी साल. त्याचा पदवीचा प्रबंध. त्यात एक प्रकरण : एकोणचाळिसाव्या पानावर चढ नाही. मी ते पहिल्या परिच्छेदानंतर वाचलंच नाही. समासात लाल शाईने लिहिलं – ‘हस्तलिखित नीट पाहा.’ आणि इतके कमी गुण दिले की पुढे संशोधनाचं एकही दार त्याला उघडलं नाही. तोंडी परीक्षेत तो काहीतरी बोलू पाहत होता. मी म्हणाले, “लोमुशो, गावचा अभिमान वेगळा आणि अभ्यास वेगळा.” गावचा अभिमान! गावाविरुद्ध जाणारा तो एकटाच होता.

तो इथल्याच शाळेत संगीत शिकवतो. ईस्टरची गायक मंडळीही तोच बसवतो, चौदा वर्षं. म्हणजे तो चढ तोच गाऊन घेतो. हे कळल्यावर मात्र माझा सगळा राग परत आला. ठाऊक असून?

२ मार्च

शाळेत गेले. मधली सुट्टी होती. केस पांढरे झालेत त्याचे. मला पाहून खुर्ची पुसली. “या, बाई.”

मी बसले नाही. “तू मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं होतं. सत्तावन्न पानांत.”

“पुन्हा का नाही सांगितलंस? पत्र लिहायचं, येऊन भांडायचं.”

“तुम्ही लिहिलं होतं, हस्तलिखित नीट पाहा. मी नीटच पाहिलं होतं. आणखी काय पाहणार?”

तो हसत नव्हता. टोमणाही नव्हता त्यात, हे जास्त लागलं.

“आणि चौदा वर्षं गावाकडून गाऊन घेतोस? खोटं आहे हे माहीत असून?”

त्याने खडू खाली ठेवला. “मी मंडळी हातात घेतली तेव्हा लोक गातच होते, बाई. पहिल्याच वर्षी काढून टाकायला निघालो होतो. आईने विचारलं, तुझ्या बाईंवरचा राग ईस्टरवर का काढतोस? तिला भोक दाखवलं. ती म्हणाली, असेल भोक. मला तिथे वर जायचंय.”

“आणि तू ऐकलंस.”

“आई होती.”

“मी हे छापणार आहे,” म्हटलं. “भोकासकट. तुझ्या नावासकट. यंदापासून चढ बंद कर.”

त्याने खडू पुन्हा उचलला. “पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत, आहे. मी गप्प बसलो. आता सांगताय, नाही. ठीक आहे. लिहिलंय तसं गाऊ.”

घंटा झाली. मी वर्गाबाहेर पडले तेव्हा लक्षात आलं, माफी मागायची राहिली. परत गेले. पंचवीस पोरांसमोर मागितली. वर्गातली सगळी पोरं आ वासून. सावेरिओ लाल झाला आणि म्हणाला, “बसा रे खाली,” सगळे बसलेलेच होते.

१२ मार्च

उत्तर लिहून झालं. चार पानं मिळाली होती, एक पुरलं. पहिल्या ओळीत सावेरिओचं नाव. दुसऱ्या ओळीत : स्वर नाही, भोक आहे. चौथा अध्याय मागे घेते. तिसऱ्यातलं अर्धंही त्याच्याबरोबर जाईल. तेक्लाने वाचलं. पहिल्यांदाच चेष्टा केली नाही. नको होतं तिने गप्प बसायला.

१९ मार्च

कच्चा मजकूर सावेरिओला पाठवला होता. फोन आला. “सगळं बरोबर आहे, बाई. फक्त माझं आडनाव चुकलंय.”

चुकलं होतं. सोळा वर्षांपूर्वीच्या गुणपत्रिकेवरही असंच चुकलं असणार.

२३ मार्च

त्या साल्काईला पत्र लिहिलं होतं, तिचं उत्तर. ‘फिल्मवर मीही तो स्वरच वाचला होता. तुमच्या पुस्तकामुळे मी या विषयात आले.’ माझी समजूत घालते आहे! अठ्ठावीस वर्षांची. पत्र फाडायला घेतलं. मग सांभाळून ठेवलं. कुठे ठेवलं ते तेक्लाला सांगितलं नाही.

३१ मार्च

फादर ओरोंझोंचा फोन. गावात कळलंय. सराव चाललाय चढाशिवाय. बेकरीतल्या बाईने सावेरिओला विचारलं, आमचा चढ कुणी नेला. त्याने माझं नाव सांगितलं नाही. मी म्हटलं, सांगायला हवं होतं. फादर म्हणाले, “ते ईस्टरला या आणि तुम्हीच सांगा. बाकावर जागा ठेवतो.”

जाते. ऐकायला हवं एकदा, जसं लिहिलंय तसं.

७ एप्रिल, ईस्टर

सकाळची दहाची मिस्सा. चर्च गच्च. तेक्ला शेजारी. ‘उठला’ आलं. सावेरिओचा हात खाली आला, मंडळी खाली उतरली – अगदी पानावर आहे तसं. आणि बाकांवरचं सगळं गाव वर गेलं. म्हातारे, बायका, बेकरीवाली, पोरांना कडेवर घेतलेले बाप. कुणी ठरवलेलं नव्हतं. सावेरिओ वळला. त्याचे दोन्ही हात तसेच हवेत.

चूक आहे, हे सांगायला मी उठून उभी राहिले. तोंड उघडलं, आणि माझाही सूर वर होता.