खाच घासायची नाही

मी, खाली सही करणारा, बंदुका व रिव्हॉल्व्हर दुरुस्त करणारा कारागीर, वय सत्त्याहत्तर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. डोक्याबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मेहुण्याचे तोंड त्याशिवाय बंद होणार नाही.

कलम १. राहते घर थोरला मुलगा व धाकटी मुलगी यांना समान. मेहुण्याला काही नाही. माझे ड्रिल मशीन मात्र त्याच्याकडून मागून घ्यावे.

कलम २. दुरुस्तीला आलेली हत्यारे माझी नव्हेत. परवाना पाहून ज्याची त्याला परत करावीत. दुकानाचा परवाना वारशाने मिळत नाही, तो चालवणाऱ्याने स्वतः काढावा.

कलम ३. दुकान व अवजारे धाकटीला. थोरल्याला एक कानसही नाही. कारण जन्मभर सांगून तोंड दुखले, तरी पुन्हा लिहितो. रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे मागची हातोडी, अंगठ्याने मागे ओढला की काडतुसांचे चक्र एक घर फिरते, काडतूस नळीसमोर येते आणि चापाचे टोक घोड्याच्या खाचेत अडकते. स्प्रिंगचा सगळा जोर त्या एवढ्याशा काठावर थोपलेला असतो. चाप ओढला की टोक सुटते आणि घोडा आपटतो. नुसता चाप ओढूनही हे सगळे एका दमात होते, पण बोटाला जोर लागतो, आणि लोकांची कुरकुर त्याचीच. एका ठेकेदाराला लोण्यासारखा चाप हवा होता. थोरल्याने मला न विचारता खाच घासून दिली. ठेकेदाराने दुकानातच काडतूस भरले, घोडा चढवला आणि ऐटीत रिव्हॉल्व्हर काउंटरवर आदळले. चापाला कोणाचे बोट लागले नव्हते, तरी गोळी सुटली. धाकटीचे मधले बोट गेले. तेव्हापासून एकाच दुकानात बसूनही मी थोरल्याशी बोललेलो नाही.

हे कलम धाकटीला वाचून दाखवले. म्हणाली, "बाबा, बोट माझं गेलं आणि राग तुम्ही धरून बसलात! दादाला मिळणार नसेल तर मलाही नको दुकान." कोणापुढे डोके फोडायचे!

कलम ४. इथवर लिहून झाले आणि काल एक निवृत्त फौजदार आले. मी पडद्याआड चहा घेत होतो.

"चाप जड लागतोय. जरा घासून हलका कर की."

"नाही होणार, साहेब," थोरला म्हणाला. "आहे तो बरोबर आहे."

"तुझ्या वडिलांना बोलाव. तुला नसेल जमत."

"त्यांना कशाला? माझ्या बहिणीचा हात बघा. मीच घासली होती खाच."

धाकटीने हात काउंटरवर ठेवला. फौजदार रिव्हॉल्व्हर उचलून गेले. माझा चहा तसाच राहिला.

सबब कलम ३ रद्द. दुकान व अवजारे दोघांची. वकीलबाई म्हणतात, कागद नव्याने स्वच्छ करू. मुळीच नको. कलमावर एकच रेघ मारली आहे, खालची अक्षरे वाचता येतात. थोरल्याने ती वाचावीत, आणि मग रेघ पाहावी. हे समोर बसवून सांगायला हवे, एवढे मलाही कळते. इतक्या वर्षांनी तोंड उघडत नाही.

रेघेशेजारी मी आणि दोन्ही साक्षीदार, अशा तिघांच्या सह्या आहेत.

साक्षीदार: १. शेजारचा शिंपी. २. समोरचा घड्याळवाला.
ठिकाण: दुकानाची मागची खोली.
दिनांक: १२ नोव्हेंबर.
सही: दोघांचा बाप.