डाव्या दाराची दोरी

तीर्थस्वरूप दादास धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

(नमस्कार मनापासून आहे. राग वेगळा, तो पुढे येतोच आहे.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? वहिनींच्या सकाळच्या शिंका अजून सुरू आहेत का? इकडे आम्ही सगळे ठीक. आईला ऐकू कमी येतं, पण जे ऐकू नये ते बरोबर येतं, तेव्हा तिची तब्येत उत्तम समजायची. पत्र बघून तू चक्रावशील, हल्ली पत्र कोण लिहितं! पण तू फोन उचलत नाहीस, आणि मेसेज पाठवला की त्यावर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे स्मशानशांतता. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, एवढीच माझी आशा. तर पत्रास कारण असं की, दादा, तू हा चावटपणा बंद कर. कुठला ते तुला चांगलं ठाऊक आहे, पण वहिनीही वाचत असतील म्हणून पहिल्यापासून सांगतो.

बाबा गेले आणि त्यांचा गेंडा माझ्याकडे आला, तेव्हा मला वाटलं आपल्याला एक गाडी मिळाली. तसं नसतं. गेंडा आपल्याला मिळत नाही, आपण गेंड्याला मिळतो, असं आमच्या गेंडा-मालक संघाचे अध्यक्ष म्हणतात. (हे निवृत्त दंतवैद्य. जन्मभर लोकांना तोंड उघडायला लावून स्वतः बोलायची सवय, त्यामुळे मधे कोणी बोललेलं चालत नाही.) त्यांच्याकडून गेंडा बनवणाऱ्या कंपनीचा इतिहास मी इतक्यांदा ऐकलाय की झोपेतही म्हणून दाखवीन. पहिला गेंडा बनवला तो लढाईसाठी. चिखल, ओढा, खडक, काहीही येवो, चारही चाकं जोर लावणार, आणि बिघडला तर साध्या शिपायाला एका पान्याने आणि चार शिव्यांनी दुरुस्त करता येणार. पहिली खेप कारखान्यातून बाहेर पडली आणि तह झाला. लढाई संपली, पण हे गेंड्याला कोणी सांगितलंच नाही. तो अजून शत्रू शोधत फिरतो आणि सापडला नाही की मालकावर राग काढतो. मग कंपनीने त्या गाड्या मोजणीवाले, धरणवाले, वीजवाले, अशा रस्ता नसलेल्या जागी पोट भरणाऱ्यांना विकल्या. तशीच एक बाबांना डोंगरावरच्या तारा तपासायला मिळाली आणि ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या मागोमाग घरी आली. पुढे कंपनी एका ट्रॅक्टरवाल्याने घेतली, त्याच्याकडून फ्रिजवाल्यांनी. आता नवा गेंडा निघतो त्यात बसायची जागा गरम होते आणि एक बाई गोड आवाजात वळणं सांगते. अध्यक्ष त्याचं नाव काढत नाहीत; नाव गेंड्याचं, काळीज सशाचं, म्हणतात. आपल्या जुन्या गाडीत मात्र स्टिअरिंगच्या पुढे कंपनीची पितळी पट्टी होती, आठवते? ‘गेंडा मरत नाही. गेंडा थांबतो.’ लहानपणी ती वाचून आपण पोट धरून हसायचो, कारण तो खरोखरच दर चढाला थांबायचा. हल्ली मला त्या पट्टीचं हसू येत नाही.

तुझं म्हणणं होतं की गाडीला हात लावू नकोस, बाबांची होती तशी राहू दे. तुझं काय जातं बोलायला! तू बसतोस पंख्याखाली. मला दर गुरुवारी त्याच गाडीतून डोंगरावरच्या मोबाईल टॉवरला जनरेटरचं डिझेल न्यावं लागतं. बाहेर पाऊस थांबला तरी गाडीत तो अर्धा तास पडत राहायचा. तुझी भावजय एकदा आत छत्री उघडून बसली, तर चौकातल्या पोलिसाने गाडी थांबवली आणि शिट्टी तोंडात धरून नुसता हसत राहिला. त्याच दिवशी तिने मला निर्वाणीचं सांगितलं की एकतर छत बदला, नाहीतर बायको. मी छत बदललं. (जवळपास सारखाच खर्च आला असता, पण आईला विचारलं तर ती म्हणाली छतच बदल.) नवं छत बसल्यावर बाकीची गाडी भिकाऱ्यासारखी दिसायला लागली. मग इंजिन झालं, मग तळाचा पत्रा, ज्यातून खालचा रस्ता पळताना दिसायचा, मग मागचा पत्रा, मग सीटा, आणि सगळ्यात शेवटी ते डावं दार. त्याची कडी कधीच लागायची नाही म्हणून बाबांनी त्याला दोरी बांधली होती, आणि ती आतून घट्ट धरून बसायचं काम तुझं. मी मधे हत्यारांच्या पेटीवर. किती मिजास होती तुला त्या दोरीची! मला एकदाही धरू दिली नाहीस. तर ते दारही मी बदललं, आणि नव्या कडीचा खट्ट आवाज ऐकवायला हौसेने गाडी तुझ्या दारात आणली. तू भोवती एक फेरी मारलीस, बोट लावून बघितलंस आणि म्हणालास, यात बाबांचं आता काय उरलंय, नंबरप्लेट? तुझी गाडी तुला लखलाभ. घोटभर चहाही न विचारता आत गेलास. तेव्हापासून त्या निळ्या खुणा.

आता मुद्द्यावर येतो. आम्हा गेंडेवाल्यांत एक पद्धत आहे. रस्त्यात दुसरा गेंडा उभा दिसला की थांबायचं, खाली उतरायचं आणि ‘चालतोय ना?’ म्हणून विचारायचं. घाई असो, आजारपण असो, न विचारता पुढे गेलास तर तू माणसातून उठलास. अध्यक्षांनी यावरून आपल्या सख्ख्या मेहुण्याला संघातून काढलंय. एरवी माझ्यासारखा भित्रा माणूस (तूच नाव ठेवलं होतंस, ससुल्या) भर धुक्यात गाडीतून उतरेल कशाला? पण एका गुरुवारी सकाळी टॉवरच्या चढावर, पाण्याच्या टाकीच्या वळणावर, एक गेंडा उभा होता. इंजिन चालू. फिकट हिरवा रंग. मागचा एकच दिवा लागलेला. छताला काळ्या कापडाचं ठिगळ, आणि मागे उजव्या कोपऱ्यात तोच पोचा, जो तू गाडी शिकताना आपल्या फाटकावर घालून पाडला होतास आणि नाव माझं सांगितलं होतंस. इंजिनाचा आवाजही तोच, म्हाताऱ्याने आधी खाकरावं आणि मग खोकावं तसा. डावं दार उघडं होतं आणि वाऱ्यावर हलत होतं. मी नियमाप्रमाणे लांबूनच विचारलं, चालतोय ना? काचेवर धुकं साचलेलं, आत काही दिसेना. फक्त उजव्या खिडकीत एक कोपर टेकलेलं दिसलं, बाही दुमडलेली. मी आणखी थोडा पुढे झालो तशी गाडी हलली, ते दार दोनदा आपटलं आणि गाडी वळणाआड गेली. मीही पळत वळणापर्यंत गेलो. पुढे रस्ता सरळ टॉवरपर्यंत जातो, त्याला फाटा नाही, आणि टॉवरच्या फाटकाला कुलूप असतं. किल्ली माझ्या खिशात होती. रस्त्यावर कोणी नव्हतं.

घरी येऊन सांगितलं तर तुझी भावजय म्हणाली, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. तपासला. वाढलेला नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या गुरुवारीही. आता तर तो मला बघून हॉर्न देतो. एक लांब, दोन तोकडे. दादा, तो हॉर्न ऐकल्यावर माझी काय अवस्था होते सांगू? मी, दोन पोरांचा बाप, बनियनपर्यंत घामाघूम होतो आणि तरी पाय आपोआप धावायला लागतात! बाबा फाटकाबाहेर तस्साच हॉर्न द्यायचे आणि आपण चपला हातात घेऊन पळायचो. पण मी जवळ पोचलो की तो निघून जातो. आणि हे बाबांचंच वागणं, हेही तुला माहीत असणार. आपल्यातला एकच जण तयार होऊन आला की ते म्हणायचे, एकाला नेऊन दुसऱ्याला रडवायचं नाही, दोघं या, नाहीतर मी चाललो. आणि खरंच निघून जायचे.

हे सगळं माहीत असलेला दुसरा माणूस या जगात एकच, तो म्हणजे तू. शिवाय आमच्या मिस्त्रीच्या तोंडून परवा निघून गेलं. धाकट्याच्या गाडीचे जे जे जुने भाग निघतील, ते भंगारात घालू नका, मी नेणार आहे, असा तू त्याला मागेच फोन केला होतास म्हणे. मला नाही, त्याला! म्हणजे मी इकडे एकेक भाग काढतोय आणि तू तिकडे त्याच भागांतून बाबांची गाडी पुन्हा उभी करतोयस, आणि वर ती डोंगरावर आणून मला धडा शिकवतोयस. शाबास. हात टेकले तुझ्यापुढे. मला घाबरव, मी लहानपणापासून सरावलोय. पण आईला तरी सोड. काल सकाळी ती भिंत धरत दारापर्यंत आली आणि म्हणाली, किती वेळ हॉर्न वाजतोय, त्यांना ताटकळत ठेवू नका, तू आवरलंस, पण थोरला कुठे आहे? दारावरची बेल तिला ऐकू येत नाही, दादा. मी बाहेर जाऊन पाहिलं तर तू पळालेला होतास. गल्लीत नुसता त्या जुन्या डिझेलचा वास होता.

तेव्हा आता पुरे कर. तुझी गाडी खरी, माझी खोटी, कबूल. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. लोभ असावा, नसला तर निदान फोन तरी उचलावा.

तुझा,
ससुल्या

ता.क. गाडी तू जोडलीस खरी, पण छान जोडलीस, हे रागातसुद्धा सांगावंसं वाटतं. ती पितळी पट्टी मात्र तुझ्याकडे नसणार. ती मी बदललेली नाही, अजून माझ्याच गाडीत आहे. हवी असेल तर स्वतः येऊन ने.

आणखी एक ता.क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून पुन्हा लिहितोय. अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे. तुझी चोरी पुराव्यासकट पकडावी म्हणून आज मिस्त्रीकडे गेलो आणि म्हटलं, ज्या शेडमधून दादाने माल उचलला ती दाखव. तो म्हणाला, उचलला कुठे? येतो येतो म्हणाले, आलेच नाहीत. शेड उघडली. दादा, सगळं तिथेच आहे. छत, इंजिन, पोचा पडलेला मागचा पत्रा, सगळं धुळीने माखलेलं. बाबांच्या सीटवर मांजर व्यायली आहे, ती माझ्यावर गुरगुरली. आणि डावं दार भिंतीला टेकून उभं आहे. त्याला तुझ्या दोरीची गाठ अजून तशीच आहे, पुढची दोरी नाही. मी गाठीला हात लावून पाहिलं. ती ओली होती आणि हाताला धुकं लागावं तशी गार लागली. शेडमध्ये बाकी सगळं कोरडं ठणठणीत होतं.

तर मघाशी केलेले सगळे आरोप मागे. मला तुझी माफीही नको. तू फक्त ये. बुधवारी मुक्कामाला ये, गुरुवारी सकाळी आपण दोघं माझ्याच गाडीतून वर जाऊ. तुझी भावजय विचारतेय, आणि त्या गाडीत बसून जाणार कुठे तुम्ही? बसायचं नाही रे, मलाही तेवढी अक्कल आहे. फक्त दोघांनी मिळून जवळ जायचं आणि सांगायचं, बाबा, आम्ही दोघं आलोय, एकाच गाडीतून आलोय, आता तुम्ही निघा. मी एकटा किती वेळा गेलो, पण एकट्याचं ते ऐकत नाहीत.

येताना चांगली मजबूत दोरी आण. मी गाठ मारीन, पण धरायची तूच. दार उघडं टाकून ते इतक्या उतारावरून कसे जातील?